नाव घातलेलं

लडलो गावात, उताराच्या रस्त्याला,
माझं दुकान म्हणा, कार्यशाळा म्हणा:
एक टेबल, एक भिंग, मेणाचे डबे,
दारावर पाटी – जुन्या वस्तूंची निगा.

ग्वेनेथ प्रॉसर आल्या मंगळवारी
बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून.
आजोबांचं आहे, म्हणाल्या. इटलीतलं, त्रेचाळीस सालचं.
ते कधी बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही,
आता विचारायचं म्हटलं तर हा डबाच उरलाय.

आत रेशमावर छापलेला नकाशा, घड्यांवर विरलेला.
एका दोऱ्यात ओवलेली दोन बटणं.
कुणाच्या तरी घराची किल्ली.
आणि फ्लॅनेलच्या तुकड्यात पिस्तूल,
एकनळी, अक्रोडाच्या दस्त्याचं,
त्या युद्धाहून शंभर वर्षांनी थोरलं.
दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी, आजोबांच्या हातची:
सांग्रो नदी. धान्याच्या कोठारात सापडलं.

मी नळीत लाकडी काठी सोडली, खूण केली,
मग तीच काठी बाहेरून लावून पाहिली.
तीन बोटं कमी.
पुन्हा मोजलं. तीन बोटं.

बाई, हे भरलेलं आहे.

त्या खुर्चीत बसल्या.
शेकोटीवर टांगलेलं असायचं, म्हणाल्या,
भाऊ नाताळात माझ्यावर रोखायचा,
ठो म्हणायचा, आणि मी मरायचे.
दरवर्षी मरायचे.

हियरफर्डहून आर्थर बेव्हन आला.
त्यानं दारू रात्रभर भिजत ठेवली,
सकाळी मळसूत्री गजानं ओढून काढली
शिशाची गोळी, चिंचोक्याएवढी,
आणि तिच्यामागचा कागदाचा बोळा.
मी तो वाफेवर उलगडला.
कुठल्याशा दुकानाचं बिल:
मेणबत्त्या, मीठ,
पुढे सगळं काळं.

गंज थांबवला, लाकडाला मेण दिलं.
आता घासूनपुसून चकचकीत करू नका, मी बजावलं,
वस्तूचं वय पुसायचं नसतं.

त्यांचा चेहरा पडला.
मग पर्समधून एक पितळी पेला काढला:
हा आजी दर रविवारी घासायची.
तिकडच्या चर्चमधला असावा. आम्ही त्यात टाचण्या ठेवतो.

माझा हात आधी पुढे झाला,
हातमोजा मागून.
अहो, हे फुलपात्र.

भिंगाखाली, काठालगत, छिन्नीचे ठिपके,
ठिपक्याला ठिपका लागून:
धोंडू बा. साळोखे, मु.
आणि मु.च्या पुढे गुळगुळीत.
साठ वर्षांच्या रविवारांनी
एक आख्खं गाव घासून नेलं होतं.

तिरप्या उजेडात शोधलं. एक काना सापडला,
की ओरखडा, सांगता येईना.
आजोबा मराठ्यांच्या पलटणीत कॅप्टन, एवढं त्यांना ठाऊक होतं.
याद्या मागवल्या, दोन महिने गेले.
साळोखे अकरा, त्यांत धोंडू दोन,
एक तिकडेच राहिला, एक पेन्शन घेऊन घरी आला,
आणि दोघांच्याही बापाचं नाव ब वरून.

यानं दिलं, त्यांनी मागितलं, का मागे पडलेलं उचललं?
पिस्तुलाला चिठ्ठी होती.
याला नव्हती.

निघताना त्यांनी विचारलं, यातून पितात कसं?
वस्तूत पाणी घालायचं नाही, हा माझाच नियम,
भिंतीवर लावलेला, माझ्याच अक्षरात.
मी फुलपात्र नळाखाली धरलं,
मान मागे टाकली, ओठ न लावता
वरून धार सोडली घशात.
मग त्यांनी. अर्धं पाणी कॉलरमध्ये गेलं,
त्या हसल्या, ठसका लागला,
मग बराच वेळ ते रिकामं हातात धरून उभ्या राहिल्या.

रात्री मऊ कापडानं टिपलं, आतूनही, दोनदा.
नोंदवहीत पेला खोडून फुलपात्र लिहिलं.
पुढे रकाना होता, गावाचा.
बोटभर जागा सोडून
खालच्या ओळीवर आले.